केप यॉर्कचा ओल्ड टेलिग्राफ ट्रॅक: घरच्यांना घेऊन एकट्या गाडीने जावं का?

कराडचा_ब्रिस्बेनकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथलं नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

जूनच्या शेवटी लेकीच्या शाळेला सुट्टी लागतेय आणि माझी तीन आठवड्यांची रजा मंजूर झालीय. आई-बाबा कराडहून आलेत, ऑगस्टपर्यंत आहेत. बाबांनी कुठेतरी केप यॉर्कचे व्हिडिओ बघितले, तेव्हापासून रोज संध्याकाळी विषय तोच, ऑस्ट्रेलियाचं ते वरचं टोक बघायचं आणि त्या ओढ्यांमधून गाडी जाते ती बघायची. लेक अकरा वर्षांची, पोहायला पटाईत, तिला फक्त धबधब्यात डुंबायचंय. बायको म्हणते जाऊ, पण आधी नीट चौकशी कर.

गाडी २०१८ ची प्राडो, डिझेल ऑटोमॅटिक, टायर एटी (डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांचे) आहेत, मागे टो बार (ट्रेलर ओढायचा दांडा) आहे, स्नॉर्कल (इंजिनची हवा वरून घेणारी नळी) नाही, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचा रहाट) नाही. फ्रेझर आयलंडच्या म्हणजे आता ज्याला गरी म्हणतात तिथल्या वाळूत दोनदा चालवलीय, पण पाण्यातून अशी कधीच नाही. आम्ही पाचजण, एकच गाडी. ब्रॅमवेल जंक्शनपासून जार्डिन नदीपर्यंतचा, टेलिग्राफच्या तारेशेजारून जाणारा तो जुना ट्रॅक आम्ही करावा का? स्नॉर्कल बसवून घेतला तर पुरेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथल्या धबधब्यांत पोरीला पाण्यात सोडायचं की नाही, मगरींचं खरं काय आहे? जाऊन आलेल्यांनी प्लीज मोकळेपणाने सांगा, नको म्हणालात तरी चालेल.

---

टाउन्सव्हिल_डिझेल

नमस्कार. मी दोनदा गेलोय, एकदा गाडी घेऊन परत आलो आणि एकदा गाडी बार्जवरून (मालवाहू बोटीने) परत आली, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

थेट उत्तर आधी देतो. एकटी गाडी, पाच माणसं, त्यात दोघं वयस्कर, विंच नाही, तर पूर्ण ट्रॅक करू नका. पण म्हणून धबधबे सोडायची अजिबात गरज नाही. हे दोन्ही एकच आहे असं सगळे धरून चालतात आणि तिथेच गडबड होते. जुन्या ट्रॅकला समांतर बायपास रस्ता आहे, सदर्न आणि नॉर्दर्न असे दोन भाग, पन्हाळी पत्र्यासारखा रस्ता आहे, अंगाची हाडं खिळखिळी होतात, पण खोल पाणी नाही. त्या बायपासवरून आत वळलं की फ्रूट बॅट फॉल्स अगदी जवळ आहे आणि तिथवर एकही मोठं क्रॉसिंग लागत नाही. म्हणजे लेकीचं काम झालं.

आता माझं काय झालं ते ऐका. नोलन्स ब्रूक म्हणून ओढा आहे, ट्रॅकच्या उत्तर टोकाकडे, जार्डिनच्या जरा अलीकडे. पाणी इतकं नितळ की तळाची वाळू मोजून घ्यावी, आणि त्या नितळपणामुळेच खोली कळत नाही. माझी हायलक्स, स्नॉर्कल होता, गाडी दोन इंच उंच करून घेतली होती. आमच्या पुढे एक निसान पॅट्रोल गाडी, भल्यामोठ्या टायरवर, डावीकडून सरळ निघून गेली. ऊन कलायला लागलं होतं, पाचच्या आत जार्डिन नदीवर गाड्या पलीकडे नेणारी फेरी बोट गाठायची घाई होती, आणि तोवर प्रत्येक ओढा चालत जाऊन बघितला होता, हा एकच नाही बघितला. पॅट्रोल गेली म्हणजे आपणही जाऊ. लो रेंज, सेकंड गिअर, सगळं बरोबर होतं. मध्यावर उजवं पुढचं चाक खड्ड्यात गेलं, आधी अडकलेल्या गाड्यांनी चाकं फिरवून फिरवून खणलेला खड्डा. बॉनेटवर पाणी आलं, मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला, चाकं फिरली आणि गाडी आणखी खाली बसली. दाराच्या फटीतून पाणी आत आलं, आधी पायात, मग सीटच्या खाली, आमचा मेतकुटाचा डबा तरंगत हँडब्रेकपाशी आला ते अजून डोळ्यांसमोर आहे. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि इंजिन बंद. माझा हात चावीकडे गेला तेवढ्यात काठावरचा एक माणूस ओरडला, चावी फिरवू नकोस!

त्या माणसाचे उपकार आहेत. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल आणि तुम्ही सेल मारलात तर पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग इंजिनच बदलायचं. माझं इंजिन वाचलं, पण वायरिंग आणि सीटखालचं इलेक्ट्रॉनिक्स गेलं. दोन अनोळखी गाड्यांनी विंचने ओढून काढलं, तिथून टो करून टोकाजवळच्या बमागा गावात, तिथे थांबून सेसियाच्या धक्क्यावरून बार्जने केर्न्स. इन्शुरन्सवाल्यांनी किती दिलं आणि किती नाही दिलं ते इथे लिहीत नाही, पण तुम्ही निघण्याआधी पॉलिसीत पाण्यातून गाडी नेण्याबद्दल काय लिहिलंय ते शब्द न् शब्द वाचा आणि शंका असेल तर ईमेलवर लेखी विचारा.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. जे पाणी मी स्वतः चालून बघितलं नाही त्यात गाडी घालत नाही, आणि मगरीच्या भीतीने जिथे चालता येत नाही तिथे गाडीही घालत नाही. पुढची गाडी गेली, हा पुरावा नाही. तिचे टायर वेगळे, तिची लाइन वेगळी.

स्नॉर्कलबद्दल: तो फक्त इंजिनची हवा वरून घेतो, बाकीची गाडी आहे तिथेच राहते. प्राडोला कंपनीने सांगितलेली पाण्याची खोली ७०० मिमी आहे, म्हणजे साधारण मांडीपर्यंत, स्नॉर्कल लावून ती वाढत नाही. डिफ (चाकांना ताकद पोचवणारा आसावरचा गिअरचा डबा) आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर (हवा आत-बाहेर जायच्या नळ्या) वर नेलेत का ते बघून घ्या, कारण तापलेला डिफ गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं, म्हणून ओढ्याच्या काठावर दहा-पंधरा मिनिटं गाडी उभी करून थंड होऊ द्यायची, तेवढ्यात चालून बघणं होतं. पुढच्या ग्रिलवर ताडपत्री बांधली तर बंपरपुढे लाट तयार होते आणि मागे इंजिनच्या जागी पाणी कमी राहतं, पण ती लाट टिकवायची तर चालण्याच्या वेगाने, न थांबता, गिअर न बदलता जायचं. वेगात पाणी उडवलं तर फोटो छान येतो, पण रेडिएटरच्या फॅनची पाती पाण्याने पुढे वाकतात आणि रेडिएटर फाडतात, हे मी दुसऱ्याच्या गाडीचं डोळ्यांनी बघितलंय.

---

जाई_केर्न्स

मी धबधब्यांबद्दल लिहिते, गाड्यांचं वरच्या दादांनी चांगलं लिहिलंय.

आम्ही दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये गेलो होतो, मुलं आठ आणि बारा वर्षांची, बायपासनेच गेलो आणि मला एक क्षणही चुकल्यासारखं वाटलं नाही. फ्रूट बॅट फॉल्स उंच नाही हो, जेमतेम पुरुषभर असेल नसेल, पण रुंद आहे, अख्ख्या ओढ्याच्या रुंदीने पाणी एकसारखं पडतं आणि खाली वाळूचा तळ असलेला डोह. कपारीखाली पाठ टेकून बसायचं आणि खांद्यावर पाणी घ्यायचं, दोन दिवसांच्या त्या पन्हाळी रस्त्याने आखडलेली मान तिथे सुटते. लाकडी पायवाट आणि उतरायला पायऱ्या आहेत, त्यामुळे तुमच्या आई-बाबांनाही काठापर्यंत येता येईल. मुक्कामाला परवानगी नाही, फक्त दिवसा. सकाळी लवकर गेलात तर तुम्ही आणि पक्षी, अकरानंतर गर्दी.

पुढे एलियट फॉल्स, ट्विन फॉल्स आणि सॉसपॅन नावाचा डोह, सगळं एकाच जागी, कॅम्पिंगही तिथेच. पण तिथे जायला स्क्रबी क्रीक ओलांडावा लागतो. पाणी महिन्यानुसार कमी-जास्त, आम्हाला सप्टेंबरमध्ये गुडघ्याच्या वर होतं, तुम्ही जूनमध्ये जाताय म्हणजे जास्त असणार. आम्ही चालून बघितलं, समोरून दोन गाड्या येताना बघितल्या आणि मग गेलो. ट्विन फॉल्सच्या पायऱ्यांपायऱ्यांच्या पाण्यात मुलं चार तास होती, बोटं सुरकुतली तरी बाहेर येईनात. आणि काठावरच्या ओल्या वाळूत खाली वाकून नक्की बघा, घटपर्णी आहेत! शाळेच्या पुस्तकातली कीटक खाणारी वनस्पती, पानाच्या टोकाला झाकणवाला छोटा पेला, माझ्या मुलीने एका पेल्यात डोकावून बघितलं तर आत दोन मुंग्या बुडालेल्या. हात लावू नका, तोडू नका, पण लेकीला दाखवा.

मगरींचं खरं सांगते. उत्तर क्वीन्सलँडमध्ये खाऱ्या पाण्याची मगर गोड्या पाण्यातही असते, नावावर जाऊ नका. या धबधब्यांवर वर्षानुवर्षं लोक पोहतात, आम्हीही पोहलो, पण पार्कवाले कुठल्याच पाण्याची खात्री देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. म्हणून आम्ही काय केलं, तर पोचल्यावर आधी पाट्या वाचल्या, ताज्या सूचना ऑनलाइन निघण्याआधी बघितल्या होत्या, मुलांना फक्त उथळ, तळ दिसणाऱ्या पाण्यात सोडलं, ओढ्याच्या खालच्या बाजूला जाऊ दिलं नाही, आणि अंधार पडायच्या आत सगळे बाहेर. आणि जार्डिन नदी, तिथे पाय धुवायलासुद्धा उतरायचं नाही. फेरीच्या रांगेत उभं असताना काठापासून किमान पाच मीटर लांब. भांडी घासायला पाण्याच्या कडेला बसायची आपल्याकडची सवय असते ना, आईंना आधीच सांगून ठेवा. तंबूही पाण्यापासून किमान पन्नास मीटरवर.

कॅम्पिंगचं बुकिंग क्वीन्सलँड पार्क्सच्या साइटवर आधीच करावं लागतं, तिथे गेल्यावर फोनला रेंज नाही. नकाशात जुनं नाव जार्डिन रिव्हर नॅशनल पार्क दिसेल, आता त्याचं नाव अपुधामा आहे, तिथल्या मूळ मालक लोकांचं नाव. जुलै सुट्टीत जागा लगेच भरतात.

---

डार्विनचा_पक्या

मला वाटतं थोडं जास्तच घाबरवताय यांना. मान्य, नोलन्स अवघड आहे. पण दक्षिणेचा अर्धा भाग, पाम क्रीक ते बर्टी क्रीक, व्यवस्थित गाडी आणि सोबत दुसरी गाडी असेल तर होतो, आणि खरा ट्रॅक तोच आहे. १८८७ साली टेलिग्राफची तार केप यॉर्कच्या टोकापर्यंत पोचली, शंभर वर्षं ती तार सांभाळणारे लोक याच वाटेने ओढे ओलांडत जायचे, १९८७ मध्ये तार बंद झाली आणि रस्ता आपल्यासारख्यांसाठी उरला. मधेच गवतात एखादा जुना लोखंडी खांब उभा दिसतो, तेव्हा अंगावर काटा येतो राव. बायपासवर ते नाही.

डलहंटी नदीचा मुक्काम तर आयुष्यात विसरणार नाही. सपाट खडकावरून पाणी वाहतं, छोटे छोटे धबधबे, रात्री तंबूत पडल्यावर नुसता पाण्याचा आवाज. बाबांना तिथे न्याच.

दुसरी गाडी शोधणं अवघड नाही, ब्रॅमवेल जंक्शनच्या रोडहाउसवर सकाळी उभे राहा, सगळे सोबतच शोधत असतात.

---

टाउन्सव्हिल_डिझेल

@पक्या, डलहंटीबद्दल शंभर टक्के सहमत. पण पाम क्रीक सोपा म्हणू नका प्लीज. तो ट्रॅकवरचा पहिलाच ओढा, ब्रॅमवेलपासून थोडाच पुढे, उतरण चिकणमातीची आणि जवळजवळ उभी, आणि पलीकडची चढण त्याहून वाईट. स्टॉक उंचीच्या प्राडोचा मागचा टो बार तिथे मातीत रुततो. सीझनच्या सुरुवातीला ओली असते तेव्हा विंचशिवाय निघणाऱ्या गाड्या कमी. आणि रोडहाउसवर भेटलेल्या अनोळखी माणसाच्या भरवशावर आई-बाबांना न्यायचं का, हा प्रश्न मला पडतो. तो माणूस चांगलाच असेल, पण त्याला गाडी ओढायला येते का हे तुम्हाला अडकल्यावर कळणार.

ट्रॅकवरच्या गनशॉट ओढ्याचं तर नावच काढू नका. तिथे काठ कापून केलेल्या घसरगुंड्यांसारख्या वाटा आहेत, काही माणसापेक्षा जास्त खोल सरळ खाली, गाडी नाकावर उतरते आणि खाली चिखल. बाजूला सोप्या वाटा आहेत, हीथलँड्सवरून गनशॉट टाळून जाणारा रस्ताही आहे. पण बघायला मात्र जरूर थांबतात लोक.

---

पुणे_जिम्नी

मी केप यॉर्कला गेलेलो नाही, त्यामुळे ट्रॅकवर बोलत नाही, पण दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या, त्यातली एक तुमच्या बाबांसाठी.

कराडची माणसं कृष्णा-कोयनेच्या काठावर वाढलेली, पाण्याची भीती नसते आणि पाण्याचा अंदाजही असतो, पण आपला अंदाज पुराच्या पाण्याचा आहे. आपल्याकडे फरशी पुलावरून गढूळ पाणी वाहतं तेव्हा धोका असतो तो ओढीचा, गुडघाभर पाणीसुद्धा गाडी बाजूला ढकलून नेतं. तिथे कोरड्या सीझनमध्ये पाणी संथ आणि स्वच्छ, ओढ कमी, धोका तळाचा: खड्डे, मऊ वाळू, बुडालेले ओंडके. म्हणजे बाबा काठावरून बघून म्हणतील, अरे यात काय आहे, घाल गाडी. त्यांचं अर्धंच बरोबर असेल.

दुसरं, तुम्ही टो बार आहे असं लिहिलंत म्हणून. अडकलेली गाडी ओढताना पट्टा टो बारच्या गोळ्याला कधीही, कधीही अडकवू नका. गोळा तुटला की पट्ट्याच्या ताणाने बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि काच फोडून आत येतो, ऑस्ट्रेलियात माणसं गेली आहेत असं होऊन. गोळा काढून त्या जागी रिकव्हरी हिच (गाडी ओढायला पट्टा अडकवायचा भक्कम ठोकळा) लावा, पुढे रेटेड रिकव्हरी पॉइंट (ओढण्याचा ताण सोसेल असा हूक) बसवून घ्या, कंपनीचा जो हूक दिसतो तो बहुतेक वेळा गाडी बांधून ठेवायचा असतो. सॉफ्ट शॅकल (लोखंडी कडीऐवजी दोरीची कडी) वापरा, पट्ट्यावर मधोमध ओलं पोतं किंवा डॅम्पर (पट्टा तुटला तर उसळू न देणारं वजन) टाका आणि आई, लेक सगळ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा.

---

कराडचा_ब्रिस्बेनकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री जेवताना बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. पुणे_जिम्नी, तुमचं ते फरशी पुलाचं ऐकून ते बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी त्यांच्या लहानपणी एक बैलगाडी नदीत गेलेली त्याची गोष्ट सांगितली, मी ती आजवर कधी ऐकली नव्हती.

तर ठरलंय असं: बायपासनेच जायचं. फ्रूट बॅट नक्की, एलियटला दोन रात्री बुक केल्या आहेत (जुलैच्या पहिल्या आठवड्यातल्या मिळाल्या, शेवटच्या दोनच जागा होत्या), पण स्क्रबी क्रीक बघून पटलं नाही तर तिथूनच मागे फिरायचं, बुकिंगचे पैसे गेले तरी चालतील, हे बायकोसमोर कबूल केलंय. पाम क्रीकला गाडी वर लावून चालत काठापर्यंत जाणार, बाबांना दुसऱ्यांच्या गाड्या उतरताना बघायच्यात, डबा घेऊन दुपारभर बसू म्हणतात. डलहंटी या वेळी नाही. पक्या, वाईट वाटतंय, पण पुढच्या वर्षी माझा एक मित्र गाडी घेऊन यायला तयार आहे, तेव्हा.

रिकव्हरी हिच आणि पट्टा ऑर्डर केला, ब्रीदर बघायला गाडी गुरुवारी मेकॅनिककडे देतोय. आता दोन शेवटचे प्रश्न. पन्हाळी रस्त्यावर टायरमध्ये हवा किती ठेवता? आणि आईचे गुडघे दुखतात, तिला मधल्या सीटवर किती वेळ बसवावं?

---

जाई_केर्न्स

आईंना पुढे बसवा हो, तुमच्या मिसेस मागे बसतील, मी सासूबाईंना तसंच नेलं होतं. दर तासाला थांबायचं, उतरून चार पावलं चालवायचं. कोएनच्या पुढे सावलीची झाडं बघून थांबा, तिथली वारुळं बघायला त्यांना आवडतील, माणसापेक्षा उंच, लाल. सुक्या भाकरी आणि चटणी घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा कापडात, कापड पिशवीत, एवढं करूनही धूळ जाते म्हणून पीठ तर झिपलॉकमध्येच ठेवा. आणि गुडघ्याच्या गोळ्या, बीपीच्या गोळ्या ट्रिपच्या दुप्पट दिवसांच्या घ्या, दोन वेगवेगळ्या बॅगांत. बमागाला हॉस्पिटल आहे, पण तिथे पोचायला वेळ लागतो.

---

टाउन्सव्हिल_डिझेल

हवा: तुमची गाडी पाच माणसं आणि सामानाने भरलेली असणार, मी असतो तर पुढे २६, मागे २८-३० पीएसआयने सुरुवात केली असती आणि वेग ८० च्या आत. हवा कमी करून वेगात गेलात तर टायर तापून फाटतो, दोन्ही एकत्र पाळायचं. डांबरी लागलं की लगेच परत भरायची, छोटा कंप्रेसर घ्याच. छतावर वजन ठेवू नका, त्या हादऱ्यांनी रूफ रॅकचे बोल्ट ढिले होतात, रोज संध्याकाळी पाना घेऊन एक फेरी मारायची.

यूएचएफ रेडिओ (गाड्यांनी एकमेकांशी बोलायचा) चॅनल ४० वर ठेवा, समोरून रोड ट्रेन (अनेक ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक) येते तिची धूळ आधी दिसते, गाडी नंतर, तेव्हा कडेला घेऊन थांबा. सॅटेलाइट फोन किंवा पीएलबी (संकटात मदतीचा सिग्नल पाठवणारं छोटं यंत्र) भाड्याने मिळतो, एकट्या गाडीने जाताय तर घ्या.

आणि स्क्रबी क्रीकला तुम्ही स्वतः पाण्यात उतरा, दोन्ही चाकांच्या रेषेतून दोनदा चाला, हातात काठी. बाबांना काठावर उभं करा आणि पाणी तुमच्या मांडीवर कुठवर येतंय ते त्यांना बोलायला सांगा. आधी जमिनीपासून ते ७०० मिमी मोजून मांडीवर कुठे येतं तिथे चड्डीवर खडूने खूण करून ठेवायची, मी तेच करतो. खूण भिजली की मागे फिरायचं.

---

कराडचा_ब्रिस्बेनकर

खडूचं बाबांना सांगितलं. त्यांनी आत्ताच लेकीच्या दप्तरातून एक काढून गाडीत ठेवलाय.